आयर्लंडचा अखेरचा भाट : टर्लो कॅरोलन

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने आयर्लंडमधल्या एका वादकाचे चरित्र का लिहावे, असा प्रश्न वाचकांना पडेल. त्याचे उत्तर आधी देतो आणि मग चरित्राकडे वळतो.

गेल्या वर्षापासून आम्ही पाच मित्र दर शनिवारी संध्याकाळी एका टेबलाभोवती बसून एक खेळ खेळतो. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हे त्याचे नाव. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकनांनी तो १९७४ साली प्रसिद्ध केला. त्याला पट लागतोच असे नाही, सोंगट्याही नसल्या तरी चालते. एक जण गोष्ट चालवतो, बाकीचे तिच्यातले एकेक पात्र होतात, आणि कुठे अडले की वीस बाजूंचा फासा टाकून काय घडले ते ठरवतात. आमच्या पाचांपैकी तिघांच्या घरी कन्नड, दोघांच्या घरी मराठी, आणि नियमांची पुस्तके इंग्रजी. त्यामुळे राक्षसाशी बोलणी कन्नडमध्ये, आपसांतली भांडणे मराठीत आणि फाशांचा हिशेब इंग्रजीत चालतो. कोणी तलवारबहाद्दर झाला, कोणी मांत्रिक, कोणी चोर. मी 'बार्ड' झालो. बार्ड म्हणजे गाणारा, कवने रचणारा, गावोगाव हिंडणारा; आपल्याकडील भाट आणि शाहीर यांच्या मधला कोणी तरी समजा.

मित्रांना ही निवड पसंत पडली नाही. राक्षस अंगावर आलेला असताना वाद्य वाजवणारा माणूस काय कामाचा, हे त्यांचे म्हणणे. ते अगदीच खोटे नव्हे. बार्डाची खरी शक्ती एका जादा फाशात असते. तो फासा त्याने साठ फुटांच्या आतल्या, आपले गाणे ऐकू जाणाऱ्या एखाद्या साथीदाराला द्यायचा, आणि त्या साथीदाराने ठरावीक वेळेच्या आत तो आपल्या कामी लावायचा. स्वतःला मात्र बार्डाला तो देता येत नाही. हिशेबाच्या भाषेत सांगायचे तर जे काही मिळवायचे ते दुसऱ्याच्या खात्यावर जमा करायचे! असा कोणी माणूस खरोखरीच होऊन गेला काय, आणि त्याचे पोट कसे भरत असे, हे मी शोधू लागलो. खेळाच्या १९७८ सालच्या पुस्तकात बार्डाच्या विद्यालयांना फोक्लुकन, डॉस, क्ली, ओलाव अशी विचित्र नावे दिली आहेत. ती जुन्या आयरिश कवींच्या पदव्यांवरून घेतलेली आहेत असे कळले. त्या वाटेने मी आयर्लंडला पोचलो, आणि तेथे मला टर्लो कॅरोलन भेटला.

कॅरोलन समजण्यासाठी त्याच्या आधीचे थोडे सांगितले पाहिजे. जुन्या आयर्लंडात कवी हा मोठा मानकरी. सर्वांत वरच्या पायरीवरच्या कवीला ओलाव म्हणत, आणि तिथवर पोचायला बारा वर्षे विद्या करावी लागे असे परंपरा सांगते. त्यांच्या शाळांत विद्यार्थ्यांना अंधाऱ्या खोलीत आडवे पडून, मनातल्या मनात कविता रचावी लागे. दिवा आला की मगच ती लिहून काढायची. दरबारात कवी स्वतः गातही नसे. कविता म्हणणारा वेगळा आणि हार्प वाजवणारा त्याहून वेगळा. हार्प म्हणजे तिकोनी चौकटीत तारा ताणलेले वाद्य. आयरिश हार्पच्या तारा धातूच्या असत आणि नखे वाढवून ती वाजवीत. मानाने हार्पवाला कवीच्या खालचा. १६०१ साली किन्सेलच्या लढाईत इंग्रजांनी आयरिश सरदारांचा पराभव केला, त्यानंतर सरदार परागंदा झाले, आणि सरदारच गेल्यावर कवींना पोसणार कोण? शाळा बंद पडत गेल्या. कॅरोलन जन्मला तेव्हा हे सारे जवळजवळ संपले होते.

त्याचा जन्म १६७० साली मीथ परगण्यात, नॉबर गावाजवळ झाला. घराणे कवींचे नव्हते, वादकांचेही नव्हते. तो चौदा वर्षांचा असताना वडील कुटुंब घेऊन पश्चिमेला रॉसकॉमन परगण्यात आले आणि मॅक्‌डरमॉट रो या जुन्या आयरिश घराण्याच्या पदरी कामाला लागले. त्या घरच्या बाईसाहेबांना हा मुलगा हुशार वाटला. त्यांनी त्याच्या शिक्षणाची सोय केली. कामगाराच्या पोराकडे मालकिणीने लक्ष द्यावे ही गोष्ट आजही नित्याची नाही.

अठराव्या वर्षी त्याला देवी आल्या. जीव वाचला, दृष्टी गेली.

त्या काळी अंध माणसाला पोट भरण्याचा जो एक सन्मानाचा मार्ग होता तो हार्पचा. बाईसाहेबांनी त्याला एका हार्पवाल्याकडे तीन वर्षे शिकायला ठेवले. पण येथे एक अडचण होती, आणि ती पुढे जन्मभर राहिली. हार्पवर हात बसायला लहानपणापासून शिकावे लागते; अठराव्या वर्षी बोटे ताठ झालेली असतात. कॅरोलन वादक म्हणून पहिल्या प्रतीचा कधीच झाला नाही असे त्याच्याविषयी लिहिणारे जवळपास सगळे सांगतात.

१६९१ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, बाईसाहेबांनी त्याला एक घोडा, सोबतीला वाट दाखवणारा एक गडी आणि थोडे पैसे दिले व जगात पाठवले. एक घोडा, एक हार्प, एक गडी. माझ्या पात्राच्या कागदावर याहून मोठी यादी आहे! एवढ्या भांडवलावर त्याने सत्तेचाळीस वर्षे धंदा केला. आणि वर्ष तरी कोणते? आदल्या वर्षी बॉइन नदीकाठी राजा विल्यमने राजा जेम्सचा पराभव केला होता, त्याच वर्षी ऑघरिमची लढाई झाली आणि लिमरिकचा तह होऊन आयरिश कॅथलिकांचा पक्ष पुरता बुडाला. हजारो सैनिक फ्रान्सला निघून गेले. १६८८ साली कॅथलिकांच्या हाती देशातली सुमारे २२ टक्के जमीन होती, ती १७०३ पर्यंत १४ टक्क्यांवर आली. म्हणजे ज्यांच्या दाराशी जाऊन गायचे ते यजमानच दिवसेंदिवस भिकेला लागत होते. बाजार इतका मंदा असताना दुकान उघडणारा दुसरा माणूस मी वाचलेला नाही.

सुरुवातीच्या घरांपैकी एक लेट्रिम परगण्यातले जॉर्ज रेनॉल्ड्स यांचे. रेनॉल्ड्स स्वतः हार्प वाजवीत आणि कविता करीत. या तरुणाचे वादन ऐकून त्यांचे समाधान झाले नाही. आता एखाद्याने दोन घास देऊन वाटेला लावले असते. त्यांनी मात्र त्याला काही रचून पाहण्यास सुचवले, आणि विषयही दिला. त्यांच्या घराजवळ शीबेग आणि शीमोर अशा दोन टेकड्या आहेत, धाकटी आणि थोरली. दोन्हींत यक्षांची वस्ती आहे आणि त्यांचे आपसांत युद्ध झाले अशी लोककथा. कॅरोलनने त्या युद्धावर गीत रचले. ते त्याचे पहिले गीत मानले जाते आणि त्याची चाल आजही वाजते. वादक म्हणून दुसऱ्या प्रतीचा ठरलेला माणूस रचनाकार निघाला, तो एका यजमानाने वेळेवर टाकलेल्या शब्दामुळे. खेळात मी दुसऱ्याला फासा देतो तो याहून काही निराळा नाही.

त्याचा पुढचा क्रम जवळजवळ ठरून गेला. कॉनाख्त, अल्स्टर, लेन्स्टर या प्रांतांतल्या वाड्यांवाड्यांतून तो घोड्यावरून फिरे. पुढच्या मुक्कामाच्या यजमानासाठी, त्याच्या बायकोसाठी किंवा मुलीसाठी चाल तो वाटेतच मनात जुळवी असे सांगतात. पोचल्यावर ती ऐकवायची, जेवायचे, प्यायचे, बिदागी घ्यायची आणि पुढे जायचे. यजमानाच्या मानार्थ केलेल्या अशा चालींना 'प्लँक्स्टी' हे नाव पडले. या शब्दाच्या अर्थाबद्दल विद्वानांचे एकमत नाही, त्यात आपण पडू नये. लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही, की तो आधी चाल करी आणि शब्द मागाहून बसवी. जुने कवी शब्दाला देव मानत. याने तो क्रमच उलटा केला. त्याच्या कवनांपैकी पुष्कळांचे शब्द हरवले, चाली मात्र दोनशेहून अधिक शिल्लक आहेत. जे शब्द उरले ते चालींच्या तोडीचे नाहीत असे जाणकार म्हणतात.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. कॅरोलन ज्या घरांत गेला ती सगळी एका पक्षाची नव्हती. बेलानागेरचे ओ'कॉनर हे एकेकाळच्या कॉनाख्तच्या राजांचे वंशज. त्यांच्या जमिनी बहुतेक गेल्या होत्या, पण घरात आयरिश भाषा आणि हार्प यांना मान होता. त्यांच्याकडे तो जाई, आणि त्या घरच्या चार्ल्स नावाच्या मुलाला त्याने हार्प शिकवला. हाच चार्ल्स पुढे मोठा इतिहास-पंडित झाला. दुसरीकडे स्लायगोचे कर्नल जॉन अर्विन, मार्लबरोच्या युद्धांत इंग्लंडच्या बाजूने लढून आलेले, नव्या वसाहतवाल्या घराण्यातले. त्यांच्यासाठीही त्याने चाल केली, आणि ती सुंदर आहे. कॅथलिक बिशप जॉन हार्ट यांच्यासाठी रचना आहे, तशी लिमरिकचे प्रॉटेस्टंट धर्माधिकारी डीन मॅसी यांच्यासाठीही आहे. ज्यांची जमीन गेली त्यांच्या घरी काल, आणि ज्यांना मिळाली त्यांच्या घरी आज! याला संधिसाधूपणा म्हणता येईल, आणि आमच्यापैकी एक मित्र तसे म्हणालाही.

मला तसे वाटत नाही. एक तर त्याला निवड फारशी नव्हती. आंधळ्या माणसाला सात मुले पोसायची तर जे दार उघडे आहे ते ठोठवावे लागते. पण एवढ्यावर सोडून देणे म्हणजे त्याला दयेवर सोडणे होईल. तो नव्या घरांत गेला तो त्यांची भाषा घेऊन गेला नाही. इंग्रजी त्याला बेताचीच येई आणि त्या भाषेत त्याने केलेले गीत एकच सापडते, मिस फेदरस्टन नावाच्या बाईंसाठी केलेले. बाकी सारे आयरिशमध्ये. म्हणजे ज्यांना त्याच्या शब्दांतले अक्षर कळत नव्हते असे यजमानही त्याची वाट पाहत. आपले हे नियतकालिक एकीकडून मराठी आणि दुसरीकडून कन्नड आहे. ज्यांना एकच बाजू वाचता येते असे वाचकही त्यात आहेत. दोन्ही बाजूंच्या घरी ज्याला पान वाढले जाते त्याच्यावर दोन्हीकडून थोडा संशय असतोच. कॅरोलनवरही असावा. ओ'कॉनरांच्या घरी बसले म्हणजे हार्पमधून जुना नाद निघतो, असे तो म्हणे अशी आठवण त्या घराण्यात सांगत आलेले आहेत. त्याला फरक कळत होता. कळूनही तो दोन्हीकडे जात राहिला, आणि कोणाकडेही कच्चा माल टाकला नाही. अर्विनांची चाल ओ'कॉनरांच्या चालीहून हलकी आहे असे ऐकताना मुळीच वाटत नाही.

तो नुसता गोडबोल्या होता असेही समजू नये. जुन्या आयर्लंडात कवीच्या निंदेला राजेही भीत. निंदागीताने तोंडावर फोड उठतात अशी समजूत होती. आमच्या खेळातही बार्डाला टोचून बोलून शत्रूला घायाळ करण्याचा मंत्र असतो, तो मी फार आनंदाने वापरतो. कॅरोलनने एका वाड्यावरच्या ओ'फ्लिन नावाच्या कोठीवाल्यावर असेच कवन केले. गुन्हा एवढाच की त्याने बिअर द्यायला हात आखडता घेतला. या कोठीवाल्याला नरकाच्या दारावर पहारेकरी नेमले असते तर कोणीच आत जाऊ शकले नसते, असा त्याचा भावार्थ आहे. बिचाऱ्या ओ'फ्लिनला तीनशे वर्षे होत आली, तरी सुटका नाही. मद्य हा कॅरोलनचा दुबळेपणा होता, हे त्याचे चाहतेही लपवीत नाहीत. डॉक्टर जॉन स्टॅफर्ड यांच्या मानार्थ केलेली त्याची एक प्रसिद्ध चाल आहे. 'कॅरोलनचे औषधपत्र' या नावाने ती ओळखली जाते. त्या औषधपत्रात काय लिहिले होते ते वाचकांनी ओळखावे.

डब्लिनलाही त्याचे जाणेयेणे असे. तेथे त्या वेळी इटालियन संगीताचे वेड होते; विवाल्डी, कोरेली यांच्या रचना त्याच्या कानी पडल्या आणि आवडल्या. त्यांची छाया त्याच्या पुढच्या चालींत दिसते, आणि एकीला तर 'कॅरोलन्स काँचेर्टो' हे नावच पडले आहे. 'गलिव्हर्स ट्रॅव्हल्स' लिहिणाऱ्या जोनाथन स्विफ्टने १७२० च्या सुमारास एका आयरिश कवनाचे इंग्रजी रूपांतर केले, ओ'रूर्कच्या मेजवानीचे. त्याची चाल कॅरोलनची. १७२४ साली डब्लिनच्या नील यांनी आयरिश चालींचे पुस्तक छापले, त्यातही त्याच्या चाली आहेत. अंध माणसाचे काम जिवंतपणी छापून निघाले, पण छापले गेले ते एकेरी सुरावटीचे. डाव्या हाताने तो काय वाजवी ते कोणी लिहून ठेवले नाही.

घरसंसाराविषयी थोडक्यात सांगतो. फर्मॅनाच्या मेरी मॅग्वायरशी त्याचे लग्न झाले आणि लेट्रिममध्ये मोहिलजवळ त्यांनी लहानशी शेती घेतली. सहा मुली आणि एक मुलगा झाला. बायको १७३३ साली वारली. तिच्यावर त्याने केलेले विलापगीत उपलब्ध आहे. त्याआधी, तरुणपणी, ब्रिजेट क्रूझ नावाच्या मुलीवर त्याचे प्रेम होते. पुढे अनेक वर्षांनी लॉख डर्ग या सरोवरातल्या तीर्थाला गेला असताना नावेत चढणाऱ्या एका बाईला त्याने हात दिला, आणि केवळ त्या हाताच्या स्पर्शावरून ती ब्रिजेट हे ओळखले, अशी आख्यायिका आहे. ती जरा नाटकात शोभावी अशी आहे खरी. पण जो माणूस अठराव्या वर्षापासून जगाला हातानेच ओळखत आला, त्याच्या बाबतीत मी ती खरी धरतो.

१७३८ साली प्रकृती ढासळली तेव्हा तो स्वतःच्या शेतावर थांबला नाही. मॅक्‌डरमॉट रो यांच्या ऑल्डरफर्ड वाड्याकडे त्याने घोडा वळवला. बाईसाहेब तेव्हा फार वृद्ध झाल्या होत्या. ज्यांनी सत्तेचाळीस वर्षांपूर्वी घोडा देऊन पाठवले त्यांच्याच दारी तो परत आला, हार्प मागवला आणि शेवटची चाल वाजवली. 'संगीताचा निरोप' असे तिचे नाव आहे. २५ मार्च १७३८ रोजी तो गेला. चार्ल्स ओ'कॉनरने त्या दिवसाची नोंद करून ठेवली आहे. प्रेताजवळची जागरणे चार दिवस चालली, आणि त्या घराण्याच्या दफनभूमीशेजारी किलरोनन येथे त्याला पुरले. शेवटी आपले भांडवल जिथून घेतले तिथेच त्याने खाते बंद केले, असे मी वर्गात बोलून दाखवले तेव्हा आमच्या अकाउंट्सच्या सरांना हसू आवरले नाही.

त्याच्यामागे जे झाले तेही सांगण्यासारखे आहे. ऑलिव्हर गोल्डस्मिथने १७६० साली त्याच्यावर लेख लिहून त्याला अखेरचा आयरिश बार्ड ठरवले. काटेकोर पाहिले तर हे बरोबर नाही; बारा वर्षे अंधारात पडून विद्या करणाऱ्या कवींपैकी तो नव्हता, आणि त्याच्यानंतरही हार्प वाजवणारे होतेच. जुलै १७९२ मध्ये बेलफास्ट येथे अशा उरलेल्या हार्पवाल्यांचा मेळावा भरवला गेला. दहा आयरिश वादक आले, त्यांत बरेच अंध. त्यांच्या चाली उतरवून घ्यायला एडवर्ड बंटिंग नावाचा एकोणीस वर्षांचा ऑर्गनवादक बसवला होता. म्हणजे माझ्याहून एक वर्षाने लहान! आलेल्यांत डेनिस हेम्पसन नावाचा अतिवृद्ध वादक होता, नव्वदीच्या पुढचा, जुन्या पद्धतीप्रमाणे नखांनी वाजवणारा एकटाच. त्याने तरुणपणी कॅरोलनला पाहिले होते. पण कॅरोलनच्या चाली वाजवण्यात त्याला कधी गोडी वाटली नाही. त्याचा ओढा त्याहून जुन्या चालींकडे. बाकीच्यांनी मात्र त्या वाजवल्या, आणि बंटिंगने उतरवल्या. १९५८ साली डोनल ओ'सलिव्हन यांनी कॅरोलनचे चरित्र आणि उपलब्ध चाली दोन खंडांत एकत्र केल्या.

त्याचा हार्प रॉसकॉमनमधल्या क्लोनॅलिस या ओ'कॉनरांच्या वाड्यात ठेवलेला आहे. १९८२ साली आयर्लंडच्या मध्यवर्ती बँकेने पन्नास पौंडांच्या नोटेवर त्याचे चित्र छापले. युरो आल्यावर, २००२ मध्ये, पौंडच चलनातून गेला. चाली अजून चलनात आहेत. 'फॅनी पॉवर' ही गॉलवेकडच्या एका यजमानाच्या मुलीसाठी केलेली चाल हार्प शिकणाऱ्यांना पहिल्याच काही धड्यांत देतात. मी ती मोबाइलवर ऐकली, दोन मिनिटांचीही नाही. फॅनीचे १७३२ साली रिचर्ड ट्रेंच नावाच्या गृहस्थाशी लग्न झाले आणि ती सौभाग्यवती ट्रेंच झाली, पण चाल आजही 'फॅनी पॉवर' याच नावाने ओळखली जाते.